समुद्राच्या पोटातील कचरा आणि आपले आरोग्य

किरणोत्सर्गी कचरा म्हटले की अणुभट्टी डोळ्यांसमोर येते. परंतु असा कचरा इस्पितळांतही तयार होतो. थायरॉइडच्या काही विकारांत रुग्णाला किरणोत्सर्गी आयोडीन देतात. त्यानंतर काही दिवस त्याच्या लघवीतून किरणोत्सर्ग बाहेर पडतो. या आयोडीन १३१ चे अर्धायुष्य ८ दिवसांचे, म्हणजे दर ८ दिवसांनी त्याचा जोर निम्मा होतो. दोन-तीन महिने साठवून ठेवले की प्रश्न जवळजवळ मिटतो.

अणुभट्टीतील कचरा मात्र चिवट. स्ट्रॉन्शियम ९० आणि सीझियम १३७ यांचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे, तर प्लुटोनियम २३९ चे तब्बल २४ हजार वर्षांचे. स्ट्रॉन्शियमला आपले शरीर कॅल्शियम समजून हाडांत साठवते. सीझियम पोटॅशियमप्रमाणे स्नायूंत जाते. म्हणून हा कचरा पाण्यात आणि पाण्यातून अन्नात उतरता कामा नये.

पूर्वी याची फिकीर कमी होती. १९४६ ते १९७० या काळात अमेरिकेने कॅलिफोर्नियाजवळच्या फॅरलॉन बेटांपाशी कचऱ्याची सुमारे ४७,५०० पिंपे समुद्रात टाकली. इतर देशांनीही तेच केले. अखेर लंडन कराराच्या सदस्य देशांनी १९९३ मध्ये याला पूर्ण बंदी घालण्याचे ठरवले.

समुद्रात टाकणे वेगळे आणि समुद्रतळाखाली पुरणे वेगळे. स्वीडनमधील फोर्समार्क येथे १९८८ पासून बाल्टिक समुद्राच्या तळाखाली सुमारे ६० मीटरवर, खडकात कोरलेल्या दालनांत कचरा ठेवतात. किनाऱ्यावरून बोगद्याने तेथे जाता येते. हा कचरा सौम्य व मध्यम प्रकारचा. त्यात इस्पितळांचाही असतो. तीनशे वर्षांत सीझियमचा जोर हजारपटीने घटतो. तोवर खडकाने राखण करायची, एवढाच हिशेब.

जहाजावरून खोल समुद्राच्या चिखलात तीव्र कचऱ्याच्या नळ्या रुतवण्याची कल्पनाही १९७० व ८० च्या दशकांत अभ्यासली गेली. चिकणमाती किरणोत्सर्गी कण धरून ठेवते हे खरे. पण नळी फुटली तर दुरुस्तीला जाणार कोण? १९९६ च्या लंडन प्रोटोकॉलने जहाजावरून असे पुरणेही समुद्रात टाकण्यासारखेच मानले.

आपल्याकडे तीव्र कचरा काचेत गोठवतात. तारापूर, तुर्भे व कल्पाक्कम येथे ही सोय आहे.

वाचकांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, क्ष-किरण तपासणीने शरीरात किंवा फिल्ममध्ये किरणोत्सर्ग उरत नाही. डॉक्टरांनी सांगितलेला फोटो भीतीपोटी टाळू नका. दोन, किरणोत्सर्गी आयोडीन घेतलेल्यांनी इस्पितळाने सांगितलेले दिवस लहान मुले व गरोदर स्त्रियांपासून दूर राहावे. तीन, भंगारात तीन पाकळ्यांच्या पंख्याचे चिन्ह असलेली वस्तू दिसली तर ती न फोडता, न हाताळता पोलिसांना कळवावे. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट ६० असलेले यंत्र फोडले गेले, तेव्हा एक कामगार प्राणास मुकला. समुद्रतळ दूर आहे. भंगाराचे दुकान आपल्या गल्लीत आहे.