मोटारसायकल एंजिनाची उतरवणी व फेरजोडणी
मोटारसायकलीचे एंजिन दुरुस्तीसाठी सांगाड्यातून काढणे आणि काम झाल्यावर ते पूर्ववत बसविणे, ही गॅरेजमधील नित्याची परंतु जबाबदारीची प्रक्रिया आहे. पुष्कळदा ती अकारण केली जाते. सिलिंडर-शीर्ष, झडपा, दट्ट्या व दट्ट्याची कडी यांचे काम बहुतेक मोटारसायकलींत एंजिन जागेवर ठेवूनच होते. भुजादंड म्हणजेच क्रँकशाफ्ट, त्याचे धारवे, संयोगदांड्याचे मोठे टोक किंवा एंजिनाचे कवच यांत दोष असेल, तरच ते उतरविणे भाग पडते. एंजिन व गिअरपेटी एकाच कवचात असल्यास गिअरच्या मोठ्या दुरुस्तीसाठीही ते काढावे लागते. [→ अंतर्ज्वलन-एंजिन].

कामाची अवघडता रचनेवर अवलंबून असते. पुण्याजवळील आकुर्डी येथे बजाज ऑटोने १९७२ पासून तयार केलेल्या पेट्रोलवरील चेतक स्कूटरचे एंजिन मागील चाकालगत असून ते एका आडव्या बोल्टाभोवती झुलते. तारा व केबली सोडवून हा बोल्ट आणि धक्काशोषकाचा खालचा बोल्ट काढला, की एंजिन चाकासह बाहेर ओढता येते. १९५५ पासून मद्रास येथे जुळणी होऊ लागलेल्या एन्फील्ड बुलेटची गोष्ट निराळी. हिच्या ३४६ घ. सेंमी. एंजिनाच्या खाली सांगाड्याची नळी नसते. पुढील उतरती नळी व मागील भाग यांना एंजिनच जोडते. म्हणून ते काढण्यापूर्वी सांगाड्याला पुढून व मागून लाकडी ठोकळ्यांचा भक्कम आधार द्यावा लागतो. आधार अपुरा असल्यास शेवटचा बोल्ट निघताच गाडी खचते व कारागिराच्या हातापायास इजा होऊ शकते. जुन्या बुलेटची गिअरपेटी स्वतंत्र असून ती एंजिनाच्या मागे स्टडांनी जोडलेली असे. या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस तिची जागा एकत्रित कवचाच्या एंजिनाने घेतली.

प्रारंभी बॅटरीची जोडणी तोडून पेट्रोलची टाकी काढतात. तेल किंचित कोमट असताना गाळल्यास त्यातील गाळही वाहून जातो. नंतर धूरनळी, कार्ब्युरेटर, क्लचची केबल, विजेच्या तारा व मागील साखळी सोडवितात. प्रत्येक तारेला खुणेची चिठ्ठी बांधणे आणि बोल्ट त्यांच्या वायसरांसह वेगवेगळे ठेवणे हितावह असते; बोल्टांची लांबी सारखी नसते व चुकीच्या जागी लांब बोल्ट आवळल्यास ॲल्युमिनियमचे कवच तडकते. पनवेल तालुक्यातील नेरे परिसरासारख्या अतिवृष्टीच्या भागात आधाराचे बोल्ट गंजून घट्ट बसतात. हातोडीने ठोकण्यापेक्षा आदल्या दिवशी गंजनाशक तेल सोडून ठेवणे श्रेयस्कर. जड एंजिन दोघांनी उचलावे. हलक्या गाड्यांत काही कारागीर गाडी कुशीवर निजवून एंजिनावरून सांगाडाच उचलून घेतात.

फेरजोडणीत सर्व आधारबोल्ट प्रथम हातानेच फिरवून बसवितात आणि सर्व छिद्रे जुळल्यावरच क्रमाने आवळतात. एकच बोल्ट आधी घट्ट केल्यास एंजिन तिरपे बसते, साखळी एका बाजूस घासते व कंप वाढतो. एंजिनाची भूतार विसरली गेल्यास ठिणगी पडत नाही आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

सर्वांत मोठा धोका वंगणाचा. चार धावांच्या एंजिनात तेल भरले, तरी रिकाम्या वाहिन्यांतून ते धाव्यांपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. यासाठी स्पार्क प्लग काढून किक अनेकदा मारतात. बुलेटमध्ये शीर्षाकडील तेलनळीचा जोड किंचित सैल करून तेल आल्याची खात्री करता येते. दोन धावांच्या एंजिनात वंगण पेट्रोलमधूनच मिळत असल्याने जोडणीच्या वेळी धारव्यांवर व दट्ट्यावर तेल हाताने सोडावे लागते. याकडे दुर्लक्ष झाल्यास नवा दट्ट्या पहिल्या काही मिनिटांतच सिलिंडरमध्ये जखडतो, आणि वेगात असलेल्या गाडीचे मागील चाक त्यासरशी अडून चालक फेकला जाण्याचा संभव असतो.

एंजिन बदलून दुसरे बसविल्यास त्याचा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रातील क्रमांकाशी जुळत नाही. अशा वेळी प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते. पनवेल येथे असे कार्यालय असून तेथील वाहनांवर एमएच ४६ ही अक्षरे असतात. पहिल्या थोड्या प्रवासानंतर, एंजिन थंड झाल्यावर, आधारबोल्ट पुन्हा तपासतात.