पिशवीचा रिपोर्ट आणि जिवाचा घोर

औंढा नागनाथहून हिंगोली पंचवीसेक किलोमीटर, परभणी पन्नासच्या घरात, नांदेड त्याहून थोडं पुढे. पंचेचाळिशीतली बाई ‘पिशवीची सोनोग्राफी’ करायला निघते तेव्हा बहुतेक वेळा या तीनपैकी एका गावाची एसटी धरते. तिथे बाटलीभर पाणी पिऊन लघवी रोखून बसायचं आणि ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी वाचत नंबराची वाट बघायची. ही पाटी तिने बाळंतपणाच्या वयात पाहिलेली असते. आता कारण वेगळं असतं. पाळी कधी वीस दिवसांनी येते, कधी दोन महिने येत नाही, आणि आली की अंगावरून इतकं जातं की शेतात उभं राहवत नाही. तासाभराने पांढऱ्या पाकिटात रिपोर्ट मिळतो, तोही इंग्रजीत. डॉक्टरीणबाई भेटणार संध्याकाळी, नाहीतर उद्या. तोवर नात्यातला कॉलेजात जाणारा पोरगा दोन-तीन शब्द वाचून दाखवतो. बल्की युटेरस. थिक एंडोमेट्रियम. सिस्ट. घोर लागायला एवढं पुरतं.

हा घोर खोटा नसतो आणि अडाणीपणाचाही नसतो. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी वाचणाऱ्या बायकाही याच शब्दांनी रात्रभर जागतात. पण मराठवाड्यात या घोराची किंमत शरीराने मोजावी लागली आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर बोलायला हवं.

आधी रिपोर्टाकडे वळू. भारतीय बाईची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते. सलग बारा महिने आली नाही की ती गेली असं धरतात. त्याआधीची काही वर्षं अंडाशयाचं काम अनियमित चालतं. एखाद्या महिन्यात बीज फुटतं, एखाद्या महिन्यात फुटतच नाही. फुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, इस्ट्रोजेन एकटंच पिशवीचं आतलं अस्तर वाढवत राहतं आणि ते उशिरा पण भरपूर सुटतं. नेमक्या या धांदलीच्या काळात सोनोग्राफी होते.

रिपोर्टातलं एंडोमेट्रियम म्हणजे हे अस्तर. त्याच्या जाडीचंच बघा. पाळी संपल्या संपल्या ते दोन ते चार मिलिमीटर असतं, पुढची पाळी जवळ येईपर्यंत सोळा मिलिमीटरपर्यंत जाणं नैसर्गिक आहे. म्हणजे शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली हे सांगितल्याशिवाय रिपोर्टातल्या ‘११ मिमी’ला फारसा अर्थ नाही. मोबाइलवर शोधलं की मात्र ‘चार मिलिमीटरपेक्षा जास्त म्हणजे धोका’ असं समोर येतं. ती चारची रेघ पाळी पूर्ण थांबल्यानंतर पुन्हा रक्त गेलेल्या बाईसाठी आहे. जिची पाळी अजून येत-जात आहे तिला ती लावायची नसते. तारीख न विचारता अस्तर ‘जाड’ लिहून मोकळं होणाऱ्यांविषयी मला फार आदर वाटत नाही. पण तारीख आपणही सांगत नाही, हेही तितकंच खरं. कॅलेंडरवर दुधाचा हिशोब असतो, पाळीचा नसतो.

सिस्टचं तसंच. पाळी येणाऱ्या बाईच्या अंडाशयात दर महिन्याला पाण्याने भरलेली एक पुटकुळी वाढते आणि फुटते. ती दोन-अडीच सेंटीमीटरची होते. बीज फुटलं नाही की ती आणखी थोडी वाढते आणि रेंगाळते. पातळ भिंतीची, आत नुसतं पाणी असलेली, पाच सेंटीमीटरच्या आतली सिस्ट असेल तर क्ष-किरणतज्ज्ञांच्या नियमावलीत पाळी येणाऱ्या बाईला पुन्हा तपासायलाही सांगितलेलं नाही. अशा बऱ्याच सिस्ट दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरतात. फायब्रॉइडच्या गाठी तर इतक्या सर्रास असतात की अमेरिकेतल्या एका अभ्यासात पन्नाशीपर्यंत गोऱ्या बायकांपैकी सुमारे ७० टक्क्यांना आणि कृष्णवर्णीय बायकांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणींना त्या असल्याचं आढळलं. अशा गाठींचा पुष्कळ जणींना काहीच त्रास होत नाही. पाळी गेल्यावर या गाठी साधारणपणे आक्रसतात. दोन-तीन लेकरं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच, तिला ‘बल्की’ लिहितात. ‘नेबोथियन सिस्ट’ म्हणजे पिशवीच्या तोंडाशी साचलेला चिकट द्रव; त्याला काही करायचं नसतं.

दिसतं ते सगळं आजारच का नसतं, हे औंढ्याच्या वाचकाला समजावण्यासाठी लांब जायची गरज नाही. तालुक्यातल्या दुधाळा शिवारात गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीची लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू आणि त्यांच्यात प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी लहान फरक पकडणारं यंत्र. एवढं नाजूक यंत्र म्हटलं की त्याला वारा कळतो, दूरचा ट्रक कळतो, समुद्राच्या लाटांची थरथर कळते. अशा यंत्रावरच्या शास्त्रज्ञांचं बरंचसं काम हा गोंगाट वेगळा काढण्याचं असतं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली गेली, तीही अमेरिकेतल्या दोन दूरच्या केंद्रांवर एकच खूण उमटली म्हणून मान्य झाली. सोनोग्राफीचं यंत्रही आता फार बारीक बघतं. ते जे जे बघतं ते ते लिहिलं जातं. त्यातलं आजाराचं कोणतं आणि वयाचं कोणतं, हे ठरवायला दुसरी खूण लागते: लक्षणं, हाताने केलेली तपासणी, रक्ताचा रिपोर्ट, किंवा काही आठवड्यांनी पुन्हा केलेली सोनोग्राफी.

ही दुसरी खूण येईपर्यंत थांबता आलं नाही तर काय होतं, ते मराठवाड्यातल्याच बीड जिल्ह्याने दाखवलं. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याच्या बातम्यांनी देश हादरला. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांची नोंद झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. देशाचा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत शंभरात तीनच्या आसपास आहे. यामागे उचल होती, कोयत्याचा हिशोब होता, एक दिवस बुडाला की मुकादमाने कापायचा खाडा होता, फडात ना पाणी ना आडोसा हेही होतं. याची चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली. पण बायकांनी पत्रकारांना आणि कार्यकर्त्यांना जे सांगितलं त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. पोटात दुखतं किंवा पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेले, सोनोग्राफी झाली, आणि ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ असं ऐकायला मिळालं. त्या भीतीवर कर्ज काढून ऑपरेशन झालं.

भीतीने निर्णय घेतला की तो फार लवकर घेतला जातो, हे मला यातलं मुख्य दुखणं वाटतं. पांढरं जाणं हे पुष्कळदा नैसर्गिक असतं, नाहीतर गोळ्यांनी बऱ्या होणाऱ्या जंतुसंसर्गाचं लक्षण असतं. तिशी-पस्तिशीत पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचं सगळं एका दिवसात अंगावर येतं. हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. पुढे बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच शस्त्रक्रियांवरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी राज्यांना सांगितलं, की अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत स्वीकारा. म्हणजे ‘खरंच काढायलाच हवी का?’ हा प्रश्न विचारणं आता उद्धटपणाचं राहिलेलं नाही.

आणि हे फक्त गरीब मुलखातच घडतं असंही नाही. अमेरिकेत ७८,२१६ बायकांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत काहीही त्रास नसलेल्या, ५५ ते ७४ वयाच्या बायकांची दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी करून बघितली. हेतू हा, की अंडाशयाचा कॅन्सर लवकर सापडावा. २०११ मध्ये निकाल लागला. मृत्यू कमी झाले नाहीत. मात्र ३,२८५ जणींना खोटी धोक्याची सूचना मिळाली, त्यातल्या १,०८० जणींची शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना तिच्यातून गंभीर त्रास झाला. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२१ मध्ये आला. त्यातही मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. सीए-१२५ तर पाळीच्या दिवसांत, फायब्रॉइडमध्ये, पोटाच्या टीबीतही वाढतं. ‘सगळ्या तपासण्या एकदाच करून टाका’ या सल्ल्यात म्हणूनच शहाणपण नसतं.

तरीही रात्री अडीच वाजता जाग येते तेव्हा आकडे मदतीला येत नाहीत. या वयातली रात्र वेगळी असते. अंगातून गरम वाफा निघतात, छाती धडधडते, घाम येतो, झोप उडते. हे सगळं हार्मोन्सच्या चढउताराने होतं, पण उशाला रिपोर्ट असला की त्याच धडधडीला कॅन्सरची भीती चिकटते. अमेरिकेत १९९६ पासून हजारो बायकांचा मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासात असं दिसलं, की आधी फारशी चिंता न करणाऱ्या बायकाही या काळात चिंतेच्या कचाट्यात सापडू शकतात. ‘मी अशी नव्हते’ असं एखादी म्हणते तेव्हा ती बरोबर बोलत असते. हे डॉक्टरांना सांगायचं असतं आणि त्यावर उपचार असतात. चिंतेला तोंड देण्याच्या समुपदेशनाची शिफारस ब्रिटनच्या आरोग्य नियमावलीतही या वयासाठी केलेली आहे. आपल्याकडे १४४१६ हा ‘टेलिमानस’चा फुकट क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. त्यावर मराठीत बोलता येतं, आणि बोलण्यासाठी वेड लागलेलं असावं लागत नाही.

घरात कुणाला सांगायचं, हा आणखी एक गुंता. नवऱ्याला संकोच, मुलाला लाज, सासूला सांगितलं तर गावभर. मग रिपोर्टाचा फोटो पुण्याच्या भाच्याला जातो, त्याच्याकडून मेडिकलवाल्या मित्राला, आणि संध्याकाळपर्यंत तीन वेगवेगळी मतं परत येतात. त्यापेक्षा एकच माणूस निवडावा. जाऊ, बहीण, आशाताई, कुणीही चालेल, पण डॉक्टरांकडे सोबत येणारं. घाबरलेल्या माणसाला खोलीतलं निम्मं ऐकूच येत नाही. दुसरे दोन कान हवेत. विचारायचं थोडंच असतं. यातलं वयाचं काय आणि आजाराचं काय? आज काही केलं नाही आणि पुन्हा तपासलं तर नुकसान होईल का? पुन्हा कधी, पाळीच्या कितव्या दिवशी? दिवस सांगितला नाही तर पाळी संपल्यावर लगेच, म्हणजे साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात जावं. तेव्हा अस्तर पातळ असतं आणि चित्र स्वच्छ दिसतं. पुढची तारीख ठरली की मधल्या दिवसांना एक शेवट असतो, आणि घोर बराच आवाक्यात येतो.

एक गोष्ट बायका डॉक्टरांना हमखास सांगत नाहीत. महाशिवरात्रीला नागनाथाची यात्रा, श्रावणी सोमवार, महालक्ष्म्या, घरातलं लग्न. ‘आड येऊ नये’ म्हणून मेडिकलवरून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून घेतल्या जातात. त्यात नॉरएथिस्टेरॉन हे हार्मोन असतं. त्याने अस्तर बदलतं, गोळ्या थांबल्या की रक्त जास्त जाऊ शकतं, आणि त्याच आठवड्यात सोनोग्राफी झाली तर रिपोर्ट शरीराबद्दल कमी आणि गोळ्यांबद्दल जास्त बोलतो. देवाला पाळी चालते की नाही हा वाद इथे नको. गोळी घेतली हे मात्र सांगावं.

थांबायचं नाही असंही काही असतं. बारा महिने पाळी बंद राहून पुन्हा लाल दिसलं, थेंबभर का असेना. संबंधानंतर रक्त गेलं. तासातासाला घडी बदलावी लागली. पोट फुगलेलंच राहतं, दोन घासांत भरतं आणि वजन उतरतं. रिपोर्टात गाठीचा घट्ट भाग, तिच्यातला रक्तप्रवाह किंवा पोटात बरंच पाणी लिहिलं आहे. आई-बहिणीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता. अशा वेळी महिनाभर वाट बघणं हा धीर नव्हे. चाळिशीनंतर रक्त सारखं अवेळी किंवा जास्त जात असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला सांगतात. बारीक नळीने, बऱ्याचदा भूल न देता, ओपीडीत पाच-दहा मिनिटांत होतं. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ या गावगप्पेला आधार नाही. तुकड्याचा रिपोर्ट ‘हायपरप्लेसिया’ आला तरी त्यात पेशी बिघडलेल्या नसतील तर वीस वर्षांत कॅन्सर होण्याची शक्यता पाच टक्क्यांपेक्षा कमी असते, आणि गोळ्यांनी किंवा हार्मोनच्या तांबीने तो बहुधा उतरतो. पेशी बिघडलेल्या, म्हणजे ‘एटिपिया’ असेल, तर पिशवी काढायचा सल्ला योग्य असतो आणि तेव्हा तो मानावा. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं. दमलेपणाचं कारण कितीदा तिथेच सापडतं. शंका राहिली तर दुसरं मत घ्यायला नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच, आता हिंगोलीतही २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे.

राहता राहिली एक तपासणी, जी या सगळ्या धावपळीत होतच नाही. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला सोनोग्राफीत दिसत नाही. भारतातल्या बायकांमध्ये स्तनाच्या खालोखाल तोच जास्त आढळतो, आणि तो होण्याआधी पकडता येतो हे जगाला पटवून देणारा मोठा अभ्यास मराठवाड्यातलाच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांना त्यात घेतलं.  २००९ मध्ये निकाल छापून आला: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. भीतीने पिशव्या काढल्या गेल्या तो बीड जिल्हा याच जिल्ह्याला लागून आहे. सरकारी दवाखान्यांत तिशीनंतरच्या बायकांसाठी व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड लावून तोंडाची तपासणी करतात, तिला पैसे पडत नाहीत आणि काही मिनिटंच लागतात. पिशवीत चार सोनोग्राफ्यांचे रिपोर्ट घेऊन फिरणाऱ्या बाईची ही एक तपासणी बहुधा राहिलेली असते. पुढच्या खेपेला दवाखान्यात गेल्यावर ती मागून घ्यावी.