जर्मनीच्या स्थळाला होकार देण्यापूर्वी

पूर्वी मुलीसाठी स्थळ पाहताना जमीन किती, विहिरीला पाणी किती आणि घरात खाणारी तोंडे किती, एवढी विचारपूस पुरत असे. आता शेतकऱ्याघरची मुलेही शिकून परदेशी नोकरीला जातात. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. तेव्हा "मुलगा जर्मनीत आहे" असे सांगत येणारे स्थळ आता नवलाचे राहिलेले नाही. पण वाचकहो, आपली मुलगी तिथे कोणत्या हक्काने राहणार, हे बैठकीत कोणी विचारतो का?

जर्मनीने हे कायदे अनुभवातून केले. १९६१ साली त्या देशाने तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी मजूर आणले. १९७३ साली ही भरती बंद केली. पण आलेल्यांपैकी बरेच जण परत गेले नाहीत, त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. विवाह आणि कुटुंब यांना तिथल्या १९४९ च्या राज्यघटनेनेच संरक्षण दिलेले आहे. म्हणून नवऱ्याजवळ राहायला जाण्याची वाट आहे. मात्र ती कागदपत्रांतून जाते.

नवरा व बायको दोघेही अठरा वर्षांचे पूर्ण हवेत. व्हिसा इथूनच, कुटुंबाकडे राहायला जाण्याचा म्हणून काढावा लागतो. फिरायला जाण्याच्या व्हिसावर १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येते. "आधी जाऊ, मग तिथे पाहू" हे सहसा जमत नाही. मुलीला जर्मन भाषेची 'ए-१' ही पहिली परीक्षा साधारणपणे द्यावी लागते. नवऱ्याकडे 'ब्लू कार्ड' नावाचा परवाना असेल तर ही अट नाही. तरीही भाषा शिकून जावे. दुकानात, दवाखान्यात आणि अडचणीच्या वेळी तीच उपयोगी पडते. पोहोचल्यावर दोन आठवड्यांत राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते आणि पुढे परदेशी नागरिकांच्या कचेरीतून राहण्याचा परवाना मिळतो. त्या परवान्यावर तिला नोकरीही करता येते.

आता मुख्य गोष्ट. हा परवाना सुरुवातीला नवऱ्याच्या आधाराने मिळालेला असतो. सातबाऱ्यावर नाव लागण्याआधी सुनेचे घरात जे स्थान असते, तसेच हे. जर्मनीत नवरा-बायको किमान तीन वर्षे एकत्र नांदले, की संसार मोडला तरी तिला स्वतःच्या नावाने राहण्याचा हक्क मिळू शकतो. २०११ पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती. लग्नाची तारीख इथे कामाची नाही. मोजतात ती त्या देशात एकत्र राहिल्याची वर्षे. लग्नानंतर मुलगी वर्षभर माहेरी किंवा सासरी राहिली, तर ते वर्ष धरत नाहीत.

मग तीन वर्षे मुलीने मुकाट्याने सोसायचे का? मुळीच नाही. मारहाण किंवा छळ होत असेल तर कायदा मुदतीचा हट्ट धरत नाही. मुदत भरण्याआधीही तिला स्वतंत्र परवाना मागता येतो. एकत्र संसार चालू असताना नवऱ्याचा मृत्यू झाला, तरीही तसेच. तिने आपल्या शिक्षणाला साजेशी नोकरी मिळविली, तर त्या आधारावरही परवाना मागता येतो. महिलांवरील अत्याचारासाठी तिथे ११६ ०१६ हा मोफत दूरध्वनी रात्रंदिवस चालू असतो आणि त्यावर अनेक भाषांत बोलता येते. हा क्रमांक मुलीला पाठ असू द्या. इकडे राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांच्या प्रकरणांसाठी वेगळा कक्ष आहे.

आईवडिलांनाही तिकडे राहायला जाता येईल का, असे पुष्कळांना वाटते. १ मार्च २०२४ पासून किंवा त्यानंतर ज्या कुशल कामगाराला तिथला पहिला परवाना मिळाला, त्याला आईवडिलांना बोलावता येते. बायको तिथे राहत असेल तर सासूसासऱ्यांनाही. मात्र त्यांच्या पोटापाण्याची आणि आजारपणाच्या विम्याची पक्की सोय दाखवावी लागते. उतारवयात असा विमा मिळणे कठीण आणि महाग असते. तेव्हा जमीन विकून तिकडे जाण्याचे बेत कोणी घाईने करू नयेत.

होकार देण्यापूर्वी एवढे करा. मुलाकडे कोणता परवाना आहे आणि तो कधी संपतो, हे कागद पाहून खात्री करून घ्या. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत ताबडतोब करा. जन्मदाखला, पासपोर्ट आणि विवाहाचा दाखला यांवर नाव एकसारखे असू द्या. एका अक्षराच्या फरकानेही काम खोळंबते. सर्व कागदांच्या प्रती माहेरी ठेवा आणि पासपोर्ट मुलीच्या स्वतःच्या हाती राहील, हे तिला बजावून सांगा. नियम बदलत असतात, म्हणून अर्जापूर्वी मुंबईच्या जर्मन वकिलातीची ताजी माहिती पाहा. दलालाच्या तोंडी शब्दावर पैसे मोजू नका.

हे विचारले तर पाहुणे रागावतील, अशी भीती बाळगू नका. भला जावई आपणहून कागद पुढे ठेवील. आणि जो टाळाटाळ करील, त्याची ओळख अक्षता पडण्याआधीच होईल.