‘वॉरंट आहे का?’ हा प्रश्नच चुकतो

पोलीस दारात उभे राहिले की घरातला एखादा जाणता माणूस छाती पुढे काढून विचारतो, ‘वॉरंट आहे का?’ हा प्रश्न आपल्याला सिनेमाने शिकवला आणि तो बहुतेक वेळा वाया जातो. खून, दरोडा, बलात्कार, चोरी, फसवणूक यांसारख्या दखलपात्र गुन्ह्यांत पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ने तो अधिकार दिला आहे. तपासासाठी तातडीची गरज असेल तर कलम १८५खाली वॉरंटशिवाय झडतीही घेता येते. त्यामुळे अधिकारी शांतपणे ‘नाही, आणि लागतही नाही’ असे सांगतो, प्रश्न विचारणारा गप्प होतो आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो: म्हणजे पोलिसांना काहीही करता येते तर! दोन्ही समजुती खोट्या आहेत. कायद्याने पोलिसांना परवानगीशिवाय पुष्कळ काही करू दिले आहे, पण लिहिल्याशिवाय फारच थोडे. १ जुलै २०२४ला फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन नवी संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, तरी हे सूत्र कायम राहिले, काही ठिकाणी तर ते अधिक घट्ट झाले. म्हणून विचारायचे ते एवढेच, की या कारवाईचा कागद कुठे आहे आणि त्याची प्रत मला कधी मिळणार.

याची पहिली कसोटी तक्रार देतानाच लागते आणि पनवेलजवळच्या खांदेश्वरसारख्या वस्तीत तर ती हमखास लागते. इथे हद्दींची गुंतागुंत आहे. नवीन पनवेल आणि खांदा कॉलनीचा माणूस खांदेश्वर पोलीस ठाण्यात जातो, शेजारी कामोठे, कळंबोली आणि पनवेल शहर अशी वेगळी ठाणी आहेत. हार्बरच्या लोकलमध्ये किंवा फलाटावर काही घडले तर ते लोहमार्ग पोलिसांचे काम, आणि त्यांचा आयुक्तही वेगळा. महसुलासाठी हा सगळा भाग रायगड जिल्ह्यात, पण पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. अशा ठिकाणी गाडीतून उतरताना मोबाइल हिसकावला गेलेल्या माणसाला ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य ऐकावे लागले तर नवल नाही. कायदा मात्र स्पष्ट आहे. कलम १७३नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ते ठाणे ‘झीरो’ क्रमांकाने गुन्हा नोंदवते आणि पुढे योग्य ठाण्याकडे पाठवते. धावाधाव पोलिसांनी करायची आहे, तक्रारदाराने नव्हे. ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरवली. नव्या संहितेने एक सवलत तेवढी ठेवली: तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. तेव्हा ‘आधी चौकशी करतो, मग बघू’ हे वाक्य दरवेळी बेकायदा नसते, पण त्यालाही परवानगी आणि मुदत आहे.

आणखी एक पळवाट म्हणजे हिसकावलेला मोबाइल ‘गहाळ’ म्हणून लिहून घेणे. गहाळ झालेल्या वस्तूच्या दाखल्यावर नवे सिमकार्ड मिळेल, पण तपास होणार नाही, कारण त्या कागदाप्रमाणे गुन्हा घडलेलाच नाही. म्हणून सही करण्याआधी वाचायचे: घटनेची वेळ, खबर दिल्याची वेळ, कलम, आणि आपण सांगितलेली हकिगत आपल्याच क्रमाने आली आहे का. एफआयआरची प्रत खबर देणाऱ्याला विनामूल्य देणे कायद्याने बंधनकारक आहे, ती उपकार म्हणून मागायची नसते. ठाण्याने नकार दिला तर तोच मजकूर वरिष्ठांना लेखी पाठवता येतो. कायद्यात ‘अधीक्षक’ असा शब्द असल्याने काही जण तो रायगडच्या अधीक्षकांकडे अलिबागला धाडतात, पण आयुक्तालयात ते काम परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांचे. तिथेही काही झाले नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचे, आणि तिथे ‘मी तीनदा ठाण्यात गेलो होतो’ या तोंडी हकिगतीपेक्षा टपालाची एक पोचपावती जास्त बोलते.

दुसरा मोठा गैरसमज ‘जरा येऊन जा’ या फोनचा. फोन आला म्हणजे जावेच लागते आणि गेलो की आत बसवतात, अशी सरसकट भीती असते. साक्षीदार म्हणून बोलवायचे तर कलम १७९खाली लेखी आदेश हवा. स्त्रिया, साठीपुढचे आणि पंधरा वर्षांखालचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या घरून हलण्याची सक्ती करता येत नाही, जबाबासाठी अधिकाऱ्याने त्यांच्याकडे जायचे असते. संशयित म्हणून बोलवायचे आणि अटकेची गरज नसेल तर कलम ३५(३)ची नोटीस. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत यांत्रिकपणे अटक करू नये, हे अर्नेश कुमार निकालाने २ जुलै २०१४लाच बजावले होते. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला पुढे अटक करायची तर तिची कारणे नोंदवावी लागतात. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये सांगितले. (न्यायालयाचे समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकते, ती गोष्ट वेगळी.) एवढे ठाऊक असते तर ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसवून ठेवलेल्या कित्येक निवृत्त माणसांची पुंजी वाचली असती. शरीराला प्रत्यक्ष स्पर्श झाला, माणसाला प्रत्यक्ष अडवून ठेवले किंवा त्याने स्वतःला स्वाधीन केले, तरच कायद्याच्या अर्थाने अटक होते. कॅमेऱ्यासमोर अटक होत नाही. असा कॉल आला तर तो बंद करायचा, आणि पैसे गेलेच असतील तर तातडीने सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवायचे.

खरी अटक झाली तर अटकेचा पंचनामा सर्वांत महत्त्वाचा. त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते, अटक झालेल्याचीही लागते, आणि नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावे लागते. डी. के. बसू खटल्याच्या १९९६च्या निकालातून आलेले हे नियम आज संहितेतच आहेत. त्यात ६ नोव्हेंबर २०२५ला महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणाने मोठी भर घातली. वरळीत जुलै २०२४मध्ये झालेल्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यायलाच हवीत. त्या क्षणी ते जमले नाही तर आधी तोंडी सांगायचे, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे, नाहीतर अटक बेकायदा. अटकेपासून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या नियमात प्रवासाचा वेळ वगळता येतो खरा, पण खांदेश्वरहून पनवेलचे न्यायालय गाठायला असा कितीसा वेळ लागणार? शुक्रवारी रात्री धरले म्हणजे सोमवारपर्यंत सुटका नाही, हीही अशीच एक पक्की समजूत. सुट्टीचे दिवस या चोवीस तासांतून वजा होत नाहीत, रविवारीही रिमांडसाठी न्यायदंडाधिकारी उपलब्ध असतात. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर परिस्थिती अपवादात्मक हवी, आणि महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घेतलेली हवी.

झडतीत वॉरंट नसले तरी कारणे आधी लिहावी लागतात आणि त्यांची प्रत अठ्ठेचाळीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावी लागते. घरमालकाला झडतीच्या वेळी हजर राहता येते, जप्तीच्या यादीची प्रत मिळते, आणि कलम १०५मुळे आता चित्रीकरणही बंधनकारक आहे. उलट एका कागदावर सही करायचीच नसते: तपासात पोलिसांनी घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घेऊ नये, असे कलम १८१ सांगते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाबही आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरताच अपवाद.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की हे सगळे गुन्हेगारांच्या सोयीचे आहे. हा आक्षेप मला उलटा वाटतो. लेखी कारणे मागितल्याने अटक थांबत नाही. वरळीच्या त्या निकालातही कारणे दिल्यावर नव्याने कोठडी मागण्याची मुभा पोलिसांना ठेवली आहेच. गुन्हेगार सुटतो तो बहुधा ढिसाळ पंचनाम्यामुळे, फितूर पंचांमुळे आणि वेळा न जुळणाऱ्या डायरीमुळे. जो कागद आरोपीचे रक्षण करतो त्याच्याच जोरावर सरकारी वकील खटला उभा करतो. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: ठाण्यात जाऊन कलमे सांगणाऱ्याची मान पहिली मुरगळली जाते. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ठाण्याच्या टेबलापुढे वाद जिंकण्याची गरजच नाही. तिथे नम्रपणे प्रत मागावी, न मिळाल्यास वेळ आणि समोरच्या अधिकाऱ्याच्या छातीवरची नावाची पट्टी लक्षात ठेवावी, आणि भांडण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे न्यावे. परमवीर सिंह सैनी खटल्यात डिसेंबर २०२०मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचा आदेश झाला आहे, तेव्हा ते चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी लगेच लेखी करता येते. पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते कायद्यातले ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात म्हटले आहे, त्यामुळे मोबाइलवर चित्रीकरण केले म्हणून त्या कायद्याचा धाक घालता येत नाही.

हे सगळे वकील परवडणाऱ्यांसाठी, असे कोणी म्हणेल. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२नुसार कोठडीतली कोणतीही व्यक्ती, कोणतीही स्त्री, मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यासाठीचा क्रमांक आहे. मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांच्या हालांबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, त्यावरच्या १९८३च्या निकालात अटक होताच जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवण्याचे कर्तव्य पोलिसांवरच टाकले गेले. ते कळवले गेले का, हे घरच्यांनी ठाण्यात विचारावे, आणि उत्तराची वाट न पाहता तो फोन स्वतःच करावा.