टीव्हीच्या ट्रॉलीत थाटला संसार

मैत्रिणीच्या वाढदिवसाहून आमची मुक्ता परतली ती गाल फुगवूनच. तिथे म्हणे प्लॅस्टिकचा अख्खा ओटा होता, बटण दाबलं की शेगडी लाल होणारा! "आई, मला तस्साच पाहिजे," हा जप आठ दिवस चालला. मोबाइलवर किंमत पाहिली, साडेचार हजार रुपये! माझा अर्धवेळ शिकवण्याचा पगार आणि यांच्या पगारातून जाणारा घराचा हप्ता डोळ्यांपुढे आला आणि मी मोबाइल मुकाट्याने पालथा घातला.

नाही म्हणणं सोपं होतं. पण आपण तरी लहानपणी भातुकलीशिवाय कुठे राहिलो? माझ्या आजीची पितळी भातुकली अजून माहेरी आहे. बंब, शेगडी, जातं, पाटा-वरवंटा, सगळं बोटभर. सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगीत लाकडी भांडीही एकदा मामाने आणली होती. भांडी होती, प्रश्न होता तो ओट्याचा.

तेवढ्यात समोरच्या वहिनींच्या यजमानांची बदली निघाली. सामान आवरताना त्यांनी टीव्हीची जुनी ट्रॉली दाराबाहेर काढली. टीव्ही आता भिंतीवर चढले, त्यामुळे या ट्रॉल्या घरोघरी अडगळीत पडल्यात. मी कंबरेवर हात ठेवून बघतच राहिले. वरती सपाट फळी, मधे कप्पा, खाली दारांचं कपाट. हा तर तयार ओटाच की! वहिनी म्हणाल्या, "भंगारवाला तीनशे देतोय." मीही तीनशेच दिले.

मैत्रिणींनो, जुनं सामान घरात घेण्याआधी चार गोष्टी नीट पाहा. मी दोन पाहिल्या आणि दोन चुकून शिकले.

पहिली ढेकूण आणि वाळवी. सांधे, खिळ्यांची भोकं, मागचा पत्रा टॉर्च लावून पाहावा. भुसा गळत असेल तर ती वस्तू फुकट मिळाली तरी नको. ट्रॉली स्वच्छ दिसत होती, तरी मी ती काळ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून तीन दिवस गच्चीवर ठेवली. बीडच्या एप्रिलच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग!

दुसरी काच. खालच्या दारांना काचा होत्या. त्या सुताराकडून काढून घेतल्या आणि तिथे पातळ प्लायवुड बसवलं. चाकंही काढली, म्हणजे ओटा पळत नाही. उंचीही एकवीस इंच झाली, मुक्ताच्या बरोबर कंबरेइतकी. पाच वर्षांच्या मुलाला एवढीच लागते. वाकावं लागू नये आणि टाचा उंचवाव्या लागू नयेत, हे माप.

तिसरी रंग. इथे माझी चूक झाली. ओट्याला जोड म्हणून माळ्यावरचं एक हिरवं स्टूल काढलं आणि बसले की कोरड्या पॉलिशपेपरने घासत! मुक्ता शेजारीच. रंग आणायला गेले तेव्हा दुकानदारांनी सहज विचारलं, "स्टूल किती वर्षांचं?" म्हटलं, सासूबाईंच्या लग्नातलं. त्यांनी हातच जोडले. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. त्याची धूळ मुलांच्या पोटात गेली तर मेंदूच्या वाढीला अपाय होतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं घालायला बंदी आली. पण त्याआधीच्या रंगाचा भरवसा कोण देणार? घरी येऊन आधी मुक्ताला न्हाऊ घातलं, फरशी ओल्या फडक्याने दोनदा पुसली आणि स्टूल बाद केलं. तुम्हीही जुना रंग कोरडा घासू नका. शंका असेल तर ती वस्तू मुलांसाठी घेऊच नका. नवा रंग घेताना डब्यावर शिसं नसल्याचं लिहिलंय ना, ते वाचून घ्या.

चौथी, ओटा भिंतीला जखडणं. मूल दाराला लोंबकळणारच. आमची ट्रॉली एकदा पुढे झुकली तेव्हा काळजात धस्स झालं. त्याच संध्याकाळी यांनी मागे दोन लोखंडी कोन ठोकून ती भिंतीत पक्की केली.

आता सजावट. वरच्या फळीला सुताराने गोल भोक पाडलं, त्यात स्टीलचं जुनं खोलगट भांडं बसवलं की झाली मोरी. शेगडीसाठी माझ्या जुन्या धातूच्या बांगड्या अ‍ॅराल्डाइटने चिकटवल्या. बटणांना लाकडी मणी. सनमायकावर रंग धरत नाही, म्हणून वरची फळी तशीच ठेवून फक्त बाजू पिवळ्या केल्या. नळ जुनाच, नुसता दिसायला. भुशाच्या फळ्या पाण्याने फुगतात, तेव्हा खरं पाणी नाहीच.

धान्याचीही काळजी घ्या. आमच्याकडे सीताफळं भरपूर. त्या काळ्याभोर बिया मुलांना फार आवडतात, पण फुटलेल्या बियांचा चुरा डोळ्यांना घातक असतो. त्या नकोतच. मी चिंचोके दिले. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर तेही नाकातोंडात जायची भीती असते, म्हणून कागदाचे मोठे बोळेच बरे.

हिशेब सांगते: ट्रॉली ३००, सुताराची मजुरी १५०, रंग १२०, पॉलिशपेपर ४०, बिजागऱ्या व कोन ६०, स्क्रू २०. एकूण ६९० रुपये. प्लायवुडचा तुकडा सुताराने त्याच्या अडगळीतला दिला.

मुक्ताचा पहिला खेळ कोणता असेल? स्वयंपाक नव्हे. "पाणी आलं, पाणी आलं!" असं ओरडत तिने सगळी भांडी नळाखाली लावली. लाल होणाऱ्या शेगडीची आठवणही निघाली नाही. बीडची लेक ती!

माझा पुतण्या ओंकार, वय सात, हळूच येऊन भाकरी थापायला बसला. सासूबाईंनी पाहिलं. "पोराच्या हातात परात काय देती गं? उद्या बायकोच्या हाताखाली राबवतीस का?" ओंकारने परात खाली ठेवली. मला काय बोलावं सुचेना. बालवाडीच्या कामात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतूनच साधनं केली, हे मी वर्गात सांगते. पण घरात सासूबाईंपुढे ताराबाईंचं नाव घ्यायला जीभ रेटली नाही.

उत्तर मिळालं ते वेगळ्याच तोंडून. आमच्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन हजारो जोडपी ऊसतोडीला जातात आणि पुष्कळांची लेकरंही बरोबर जातात. माझ्या वर्गातली एक मुलगी अशीच पाच महिने बाहेर होती. बुडलेला अभ्यास घ्यायला ती घरी आली. दहा वर्षांची. ओट्यासमोर उभी राहिली, पण हात काही लावेना. मुक्ताने तिच्यापुढे लाटणं धरलं, तशी ती म्हणाली, "मी नाही. कोपीवर मीच करते. माय-बाप फडात असतात. तू करून वाढ. मी नुसती बसून जेवते."

आणि खरंच मांडी घालून बसली. मुक्ताने खोट्या भाकरी वाढल्या, ती खात गेली. "अजून एक वाढ," म्हणायची आणि हसायची.

सासूबाई दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने ओंकारला हाक मारून म्हणाल्या, "आरं, बस की. पाव्हणी आलीया, भाकरी थाप."

त्या दिवसापासून मी एक नियम केलाय. या ओट्यावर मुलगा, मुलगी सगळ्यांनी यावं. पण "चल, खेळ" असं कुणाला म्हणायचं नाही. ज्याला रांधायचं त्याने रांधावं आणि ज्याला नुसतं जेवायचं त्याने जेवावं.

तुमच्या माळ्यावर आहे का एखादी ट्रॉली? काढा खाली, आणि आधी रंग तेवढा तपासा!