स्टार्टरपासून फ्लिप-फ्लॉपकडे : विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अंकीय इलेक्ट्रॉनिक्स शिकविताना

प्रस्तावना

विद्युत अभियांत्रिकीचा विद्यार्थी अंकीय इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या तासाला येऊन बसतो, तेव्हा त्याच्या विचारांची घडण सातत्याने बदलणाऱ्या राशींवर झालेली असते. विद्युतदाब, प्रवाह, कला, शक्तिगुणक या साऱ्या राशी त्याच्या परिचयाच्या असतात. आपण त्याला सांगतो की, आता हे सारे बाजूला ठेव, येथे केवळ शून्य आणि एक आहेत. मग संख्यापद्धती, पूरक संख्या, बूलीय बीजगणित आणि के-मॅप या क्रमाने अर्धे सत्र निघून जाते. विद्यार्थी गुण चांगले मिळवितात, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु या क्रमामुळे हा विषय त्यांच्या उर्वरित अभ्यासक्रमापासून तुटतो. त्याची किंमत कोठे मोजावी लागते, याचे एक उदाहरण प्रथम नोंदवितो.

काही वर्षांपूर्वी अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी पाण्याच्या टाकीसाठी पंपाचा नियंत्रक तयार केला. पातळी ओळखणारे दोन संवेदक, एक फ्लिप-फ्लॉप, ट्रान्झिस्टर, रिले आणि त्यापुढे एक अश्वशक्तीची मोटर अशी ती जुळणी होती. प्रात्यक्षिक उत्तम चालले असताना मध्येच वीज गेली. ती परत आली त्या क्षणी, टाकी भरलेली असूनही आणि कोणीही बटन दाबलेले नसताना, मोटर सुरू झाली. कपलिंगजवळ हात असलेला विद्यार्थी थोडक्यात बचावला. मंडलाच्या आकृतीवर मार्गदर्शक म्हणून प्रस्तुत लेखकाची सही होती. त्या चौघांपैकी तिघांच्या घरी शेतीपंप होता. ‘शेतातला स्टार्टर असे का करीत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांच्यापैकी एकालाही देता आले नाही.

स्टार्टरमधील स्मृती

शेतीपंपाचा साधा स्टार्टर प्रत्येकाने पाहिलेला असतो. हिरवे बटन दाबले की कॉन्टॅक्टरच्या कॉइलला पुरवठा मिळतो आणि मोटर चालू होते. बटन सोडले तरी ती चालूच राहते, कारण कॉन्टॅक्टरचाच एक सहायक संपर्क हिरव्या बटनाला समांतर जोडलेला असतो. त्याला आपण होल्डिंग कॉन्टॅक्ट म्हणतो. लाल बटन हे मुळात बंद असलेला, म्हणजे ‘एनसी’ संपर्क असून तो या सर्वांच्या एकसरीत असतो. कॉन्टॅक्टरची स्थिती ‘क’, हिरव्या बटनाची ‘स’ आणि लाल बटनाच्या संपर्काची ‘थ’ मानली, तर फळ्यावर एवढेच लिहावे लागते :

क = थ · (स + क)

‘क’ दोन्ही बाजूंना का, असा प्रश्न वर्गातून हटकून येतो, आणि तो यावाच. उजवीकडील ‘क’ आत्ताचा आहे, डावीकडील पुढच्या क्षणाचा. या दोहोंमधील अंतर म्हणजे आर्मेचर ओढले जाण्यास लागणारा काही मिलिसेकंदांचा काळ होय. अनुक्रमी मंडल म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या प्रस्तुत लेखकाला सापडलेली नाही.

आता दोन नॉर गेट एकमेकांना आडवे जोडून होणारा लॅच घ्यावा आणि एका गेटचे समीकरण दुसऱ्यात भरावे. डी मॉर्गनच्या नियमाने जे समीकरण हाती येते, ते हेच असते : ‘थ’ च्या जागी रीसेटचा व्यत्यास, ‘स’ च्या जागी सेट. पाठ्यपुस्तकात ‘निषिद्ध’ म्हणून सांगितली जाणारी अवस्थाही येथे उलगडते. दोन्ही बटने एकदम दाबली तर स्टार्टर बंदच राहतो, लाल बटन वरचढ ठरते, यात निषिद्ध असे काही नाही. अडचण ती दोन्ही एकाच क्षणी सोडली तर होते. लाल बटनाचा संपर्क आधी जुळला तर मोटर सुरू होईल, हिरव्याचा आधी तुटला तर होणार नाही. लॅचच्या बाबतीत हीच शर्यत नॅनोसेकंदांत होते. ‘निषिद्ध’ हा शब्द पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला ती दिसत नाही.

आणि वीज गेल्यावर काय होते? कॉइल सुटते, होल्डिंग कॉन्टॅक्ट उघडतो, ‘क’ शून्य होतो. वीज आल्यावर ‘स’ शून्य आणि ‘क’ शून्य, म्हणून मोटर बंद. अर्थात स्टार्टर ही वीज जाताच पुसली जाणारी आणि पुन्हा नेहमी सुरक्षित स्थितीतच जागी होणारी स्मृती आहे. फ्लिप-फ्लॉपची स्मृतीही वीज जाताच पुसली जाते, पण तो कोणत्या स्थितीत जागा होईल याची हमी नसते. त्यासाठी क्लिअर पिनला रोधक आणि कपॅसिटर जोडून वीज आल्यावर काही काळ ती पिन खाली धरून ठेवावी लागते. १० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड घेतले तर कालांक ०.१ सेकंद येतो. आमच्या विद्यार्थ्यांच्या मंडलात हीच जोडणी नव्हती.

या संदर्भात ऑटोस्विचचा उल्लेख करण्यासारखा आहे. वीज येताच पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून अनेक शेतकरी तो बसवितात. रात्री-अपरात्री शेतात जाण्याचा त्रास पाहता ते समजण्यासारखेही आहे. परंतु वीज येताच एका रोहित्रावरील सारे पंप एकदम सुरू झाले, की प्रत्येकाचा आरंभीचा प्रवाह पूर्णभार प्रवाहाच्या कित्येक पट असल्यामुळे रोहित्रावर मोठा भार पडतो. म्हणूनच ऑटोस्विच न वापरण्याचे आवाहन महावितरण वेळोवेळी करीत आले आहे. आरंभीची स्थिती कोणी आणि कशी ठरवायची, हा प्रश्न वर्गात चर्चेला घेण्यास याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

हा विषय आपलाच आहे

रिलेच्या वाटेने शिकविणे म्हणजे जुन्याकडे वळणे, असा आक्षेप घेतला जातो. इतिहास पाहता तो टिकत नाही. जॉर्ज बूलने १८५४ मध्ये मांडलेल्या बीजगणिताचा विद्युत मंडलांशी संबंध जोडून दाखविला तो क्लॉड शॅननने, १९३७ मधील आपल्या पदव्युत्तर प्रबंधात. पुढच्याच वर्षी तो अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचा विषय रिले आणि स्विचिंग मंडले हाच होता आणि द्विमान बेरीज करणारे मंडलही त्यात रिलेंचेच होते. गंमत अशी की, शॅननने उघड्या मंडलाला १ आणि बंद मंडलाला ० मानले होते, त्यामुळे त्याच्याकडे एकसर जोडणी ही बेरीज ठरते. शून्य आणि एक हे केवळ संकेत आहेत, हे यावरून विद्यार्थ्यांना दाखविता येते. पुढे ‘अ‍ॅक्टिव्ह लो’ पिन समोर आली की ते गोंधळत नाहीत.

याचा प्रत्यक्ष उपयोग पीएलसीच्या प्रयोगात होतो. लाल बटन ‘एनसी’ असल्यामुळे ते दाबलेले नसताना पीएलसीच्या इनपुटवर १ असतो. म्हणून लॅडर आकृतीत त्याच्यासाठी ‘एनओ’ चिन्ह काढावे लागते. बहुसंख्य विद्यार्थी बटन ‘एनसी’ म्हणून चिन्हही ‘एनसी’ काढतात आणि मोटर सुरूच होत नाही. काही जण मग बटनच बदलून ‘एनओ’ लावतात. आकृती चालते, परंतु बटनाची तार तुटली तर मोटर बंद करण्याचा मार्गच उरत नाही. मूळ जोडणीत तार तुटली की मोटर थांबते. बटन ‘एनसी’ ठेवण्याचे कारण तेच आहे आणि ते सत्यतासारणीत कोठेही लिहिलेले नसते.

शून्याचा आणि एकाचा विद्युतदाब

गेटच्या आत विद्युतदाबच असतो, हे सांगणे आपण फार लांबणीवर टाकतो. ७४०० या परिचित टीटीएल आयसीचे उत्पादक हमी देतात ती अशी : आउटपुटचा शून्य ०.४ व्होल्टच्या वर जाणार नाही, एक २.४ च्या खाली येणार नाही, तर इनपुट ०.८ पर्यंत शून्य आणि २.० पासून पुढे एक समजेल. दोन्हीकडे ०.४ व्होल्टची सवलत उरते, तीच गोंगाट-मर्यादा. आता शेजारी रिलेची कॉइल सुटली, की पहिल्या वर्षात शिकलेला स्वप्रवर्तनाचा नियम लागू होतो. प्रवाह एकदम तुटल्यामुळे निर्माण होणाऱ्या दाबापुढे ०.४ व्होल्ट ते किती! काउंटर न मोजलेले मोजतो. कॉइलला उलटा डायोड का जोडतात, हे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यापेक्षा आपल्या विद्यार्थ्याला लवकर कळावयास हवे.

असेच दुसरे उदाहरण. विद्यार्थी टीटीएलचे इनपुट १० किलोओहममधून जमिनीला जोडतो आणि गेट त्याला एक समजतो. आयसी खराब आहे, असा निष्कर्ष निघतो. वास्तविक शून्य स्थितीत त्या इनपुटमधून १.६ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह बाहेर येऊ शकतो. ०.८ व्होल्टला त्याने भागले की ५०० ओहम मिळतात. रोधक त्याहून मोठा असला तर इनपुट शून्य राहील याची हमी नाही. एका आउटपुटला दहा इनपुट जोडता येतात, हा पाठ केलेला आकडाही १६ भागिले १.६ एवढाच आहे. ओहम आणि किर्कहॉफ यांच्यापलीकडे येथे काही लागत नाही.

यासाठी तासिका कोठून आणावयाच्या, हा सहकाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. आमच्या विभागात पाच चलांचा के-मॅप आणि अष्टमान संख्यांची बरीचशी रूपांतरे स्वाध्यायावर सोपविली. त्यावर वाद झाला आणि तो अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही. चार चलांचा के-मॅप ठेवला, कारण मंडल लहान करण्याची दृष्टी त्यातून येते. त्यापुढचे काम संगणक करतोच.

प्रयोगवहीत मात्र प्रत्येक अनुक्रमी मंडलाच्या निरीक्षणांखाली एक ओळ वाढविली आहे : ‘वीज जाऊन पुन्हा आल्यावर मंडल कोणत्या स्थितीत येते?’ पहिल्या वर्षी बहुतेकांनी ती रिकामी सोडली होती. आता प्रयोग संपता संपता प्रयोगशाळेत कोणीतरी स्वतःहून एमसीबी खाली ओढतो आणि बाकीचे आपापल्या एलईडीकडे पाहत राहतात.