एलाममधील बंदिवान चंद्र

आजच्या इराणच्या नैर्ऋत्येस प्राचीन काळी एलाम देश होता. तेथील लोक चंद्राला नापिर या नावाने भजत. ‘नाप’ म्हणजे त्यांच्या भाषेत देव. परंतु एलामच्या इतिहासात अधिक गाजला तो परक्यांचा चंद्रदेव. शेजारच्या सुमेरमधील ऊर नगरीचे दैवत नन्ना, म्हणजे चंद्रच. अक्कडी भाषेत त्यालाच सीन म्हणत. इ. स. पूर्व २००४ च्या सुमारास एलामी सैन्याने ऊर लुटले, राजा इब्बी-सीन यास कैद केले आणि नन्नाची मूर्तीही दूर अनशानला नेली. ज्याच्या नावातच चंद्र, तो राजा आपल्या देवासह बंदीत पडला! त्या काळी मूर्ती पळविणे ही निव्वळ लूट नव्हे. मूर्ती हलली म्हणजे प्रत्यक्ष देवच नगर सोडून गेला, आणि नगरीवरचे छत्र हरपले, असा समज होता. घरी नापिर असताना एलामींनी शेजाऱ्यांचा चंद्र नेला, तो भक्तीपोटी खचितच नव्हे. इब्बी-सीन एलाममध्येच मरण पावला. नन्ना मात्र परतला: इसिनचा राजा शू-इलिशू याने त्याला अनशानहून ऊरला आणल्याचे आपल्या लेखात अभिमानाने नोंदविले आहे.